खिशातलं दुसरं पिस्तूल

स्मिथ अँड वेसन कंपनीचं ‘६४२’ हे रिव्हॉल्व्हर रिकामं असताना सुमारे ४१० ग्रॅम भरतं. त्याचा चाप पूर्ण ओढायला मात्र साधारण साडेपाच किलोंचा जोर लागतो. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या तेरापट जोर एका बोटाने लावायचा, आणि त्याच वेळी उरलेल्या हाताने ते हत्यार तसूभरही हलू द्यायचं नाही. नळी जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर. तेवढ्या अंतरात माशी एक मिलिमीटर सरकली की सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला जाते. मोठ्या पिस्तुलात हे अंतर सोळा-सतरा सेंटिमीटर असतं, त्यामुळे तीच चूक चार सेंटिमीटरवर भागते.

असं हे चालवायला अवघड हत्यार, आणि तरीही याच घराण्यातली रिव्हॉल्व्हरं १९५० पासून अमेरिकन पोलिसांच्या खिशात आणि घोट्यावर ‘दुसरं हत्यार’ म्हणून ठाण मांडून आहेत. त्यांच्या शेजारी आता तीनशे ग्रॅमच्या आतली पिस्तुलंही आली आहेत. अमेरिकेत पोलीस आणि सामान्य परवानाधारक अशी लाखो माणसं असं काहीतरी रोज बाळगतात. ते निवडताना बहुतेकांचं लक्ष गोळीच्या मापावर आणि काडतुसांच्या संख्येवर असतं. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या दुसऱ्या क्रमांकाच्या. आधी पाहायचा तो हात. खिसा जितकी सवलत मागतो, तितकी किंमत हाताला मोजावी लागते, आणि ती कुठे व किती मोजायची हे ठरवणं म्हणजेच निवड.

दोन हत्यारं बाळगण्याची गरज का पडते, हे आधी पाहू. कमरेचं पिस्तूल अडकतं, रिकामं होतं, झटापटीत हिसकावलं जातं, किंवा ज्या हाताने ते काढायचं तोच हात जायबंदी होतो. रिव्हॉल्व्हरच्या जमान्यात आणखी एक कारण होतं. सहा गोळ्या संपल्यावर मारामारीच्या गडबडीत रिकाम्या पुंगळ्या काढून नवी काडतुसं भरायची म्हणजे फार वेळ गेला. त्यापेक्षा रिकामं रिव्हॉल्व्हर टाकून दुसरं उपसणं सोपं. न्यूयॉर्कच्या पोलिसांत ही पद्धत इतकी रुळली की दुसरं हत्यार उपसण्याला सगळ्या अमेरिकेत ‘न्यूयॉर्क रीलोड’ म्हणू लागले.

याचं सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण ११ एप्रिल १९८६ चं आहे. मायामीत एफबीआयच्या आठ जणांनी बँका लुटणाऱ्या दोघांची मोटार धडक देऊन अडवली. लुटारूंपैकी मायकेल प्लॅटकडे रुगर मिनी-१४ रायफल होती. पाच मिनिटांच्या आत दीडशेच्या घरात गोळ्या झाडल्या गेल्या. जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. दोन्ही लुटारूही ठार झाले. मोटारींची टक्कर झाली तेव्हा दोन अधिकाऱ्यांची रिव्हॉल्व्हरं हाताशी काढून ठेवलेली होती, ती धक्क्याने कुठल्या कुठे गेली. त्यांपैकी जॉन हॅनलनच्या घोट्याला स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं ‘मॉडेल ३६’ बांधलेलं होतं. तेवढ्यावर तो लढला. गोळ्या संपल्या, आणि पुन्हा भरत असतानाच त्याच्या हातावर गोळी बसली.

या एका प्रसंगात दुसऱ्या हत्याराची सगळी कहाणी आहे. ते नसतं तर हॅनलनच्या हातात काहीच उरलं नसतं. ते होतं, पण पाच गोळ्यांचं होतं. भरायला दोन्ही हात लागतात आणि भरण्याचे ते काही सेकंद जीवघेणे असतात. म्हणून दुसरं हत्यार निवडणाऱ्याने मनाशी पक्कं धरावं, की ते पुन्हा भरायची वेळ बहुधा येणार नाही. त्यात जे आहे तेवढंच आपल्याकडे आहे. आणि ते अशा जागी हवं की डाव्या हातालाही सापडेल. उजव्या हाताने लिहिणारा माणूस कमरेचं पिस्तूल उजवीकडे लावतो आणि खिशातलंही उजव्याच खिशात टाकतो. उजवा हात कामातून गेला तर दोन्ही हत्यारं गेली. अनुभवी शिक्षक दुसरं हत्यार डाव्या पुढच्या खिशात ठेवायला सांगतात ते यासाठी.

खिशात पिस्तूल बाळगण्याचं तंत्र पोलिसांनी शोधलेलं नाही, पण त्याला शिस्त लावण्यात त्यांच्याभोवतीच्या माणसांचा मोठा वाटा आहे. कोल्ट कंपनीत जे. हेन्री फिट्झजेराल्ड नावाचा वाकबगार नेमबाज कामाला होता. १९२० च्या दशकात त्याने कंपनीची मोठी रिव्हॉल्व्हरं घेऊन त्यांची नळी आखूड केली, मूठ छाटली, घोड्याचं वर आलेलं टोक कापून टाकलं, आणि चापाभोवतीचं संरक्षक कडं पुढून अर्धं कापून उघडं केलं. ही हत्यारं ‘फिट्झ स्पेशल’ म्हणून प्रसिद्ध झाली. पुढच्या दोन खिशांत चामडं लावून तो अशी जोडी बाळगत असे. घोड्याचं टोक कापण्यामागचं कारण अगदी साधं आहे: खिशातून उपसताना तेच टोक कापडात अडकतं. आखूड नळी आणि छोटी मूठ ही कल्पना कोल्टने १९२७ च्या ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’मध्ये उचलली. सहा गोळ्या, पाच सेंटिमीटरची नळी, .३८ स्पेशल काडतूस. कापलेलं कडं मात्र कंपनीने घेतलं नाही आणि ते फार चांगलं झालं. कडं उघडं असलेलं हत्यार खिशात म्हणजे चापाला रुमालाची गाठसुद्धा लागू शकते. फिट्झजेराल्डच्या हाताला ते झेपलं असेल. इतर कोणाला ते झेपेल असं गृहीत धरून हत्यार बनवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.

स्मिथ अँड वेसनने १९५० साली याहून लहान रिव्हॉल्व्हर आणलं. सहाऐवजी पाचच गोळ्या ठेवल्या, त्यामुळे फिरतं चक्र बारीक झालं आणि सगळ्या हत्याराची जाडी कमी झाली. कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांच्या संमेलनात ते मांडलं गेलं आणि तिथल्याच मतदानाने त्याचं नाव ‘चीफ्स स्पेशल’ ठरलं. हॅनलनच्या घोट्यावरचं मॉडेल ३६ ते हेच. १९५२ मध्ये कंपनीने आपल्या शंभरीनिमित्त ‘सेंटेनियल’ काढलं. त्यात घोडा पूर्णपणे चौकटीच्या आत. बाहेर काही अडकायलाच नाही. पुढे ‘बॉडीगार्ड’ आलं, त्यात घोड्याचं इवलंसं टोक तेवढं वर दिसतं. सुरुवातीला उल्लेख केलेलं ६४२ हे सेंटेनियलच्या वंशातलं. खिशासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर आत दडलेल्या घोड्याचंच घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोडा आधी ताणून हलक्या चापाने मारण्याची सोय त्यात जाते. पण जवळच्या, घाईच्या प्रसंगात ती सोय वापरायला वेळ नसतोच.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आणखी दोन गोष्टी बोलतात. एक, कोटाच्या खिशातूनच गोळी झाडण्याची वेळ आली तर घोडा आत असलेलं रिव्हॉल्व्हर पाचही गोळ्या झाडतं. पिस्तुलाची मागेपुढे सरकणारी स्लाइड पहिल्याच गोळीनंतर कापडात अडकू शकते. दोन, एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र पुढच्या काडतुसावर जातं. पिस्तुलात तेच काम स्लाइड हाताने ओढून करावं लागतं, आणि ते दोन्ही हातांचं काम आहे.

आता पिस्तूल. सपाटपणा हा त्याचा मोठा गुण. रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा फुगवटा खिशावर उठून दिसतो. पिस्तूल पाकिटासारखं बसतं. हे काम जॉन ब्राउनिंगने शंभर वर्षांपूर्वीच इतकं नीटस करून ठेवलं होतं की आजही त्याच्या हत्यारांत खोड काढणं अवघड आहे. बेल्जियममधल्या एफएन कंपनीसाठी त्याने १८९९ मध्ये .३२ एसीपी काडतूस आणि त्याचं पिस्तूल दिलं. कोल्टचं १९०३ चं पॉकेट मॉडेल त्याचंच: घोडा आत, कडा गोलसर, अंगाला बोचणारं काही नाही. ते साडेपाच लाखांहून जास्त बनलं आणि पुढे अमेरिकन लष्कराच्या जनरलांना दिलं जाऊ लागलं. मग त्याने बंडीच्या खिशात मावेल असं .२५ चं पिस्तूल केलं.

या जुन्या पिस्तुलांची यंत्रणा समजून घेतली की आजच्या निवडीतला अर्धा गोंधळ मिटतो. त्यांत गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड फक्त स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहतं. काडतूस जोरकस करायचं तर स्लाइड जड आणि स्प्रिंग कडक करावीच लागते. १९३०-३१ च्या सुमाराला आलेलं वॉल्थर पीपीके याच तत्त्वावर चालतं. म्हणूनच .३८० एसीपीचं हे पिस्तूल सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तरीही हाताला त्याचा झटका तीक्ष्ण लागतो. शिवाय कडक स्प्रिंगची स्लाइड मागे ओढणं वयस्कर किंवा संधिवाताच्या हातांना जमत नाही. बेरेटाने आपल्या काही छोट्या पिस्तुलांत याचा चांगला तोडगा काढला: कळ दाबली की नळीचं मागचं तोंड वर उचललं जातं आणि पहिलं काडतूस थेट नळीतच ठेवता येतं. स्लाइड ओढायची गरजच नाही.

दुसरी पद्धतही मुळात ब्राउनिंगचीच. गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे जातात, तोवर नळीतला दाब उतरतो, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड मोकळी होते. इथे जड स्लाइडची गरज उरत नाही. मोठ्या लष्करी पिस्तुलांतली ही यंत्रणा फ्लोरिडातल्या केल-टेक कंपनीच्या जॉर्ज केल्ग्रेनने खिशाच्या मापात बसवली. त्याचं पी-३२ हे १९९९ मध्ये आलं आणि .३८० चं पी-३एटी २००३ मध्ये. त्याच वाटेने रुगरचं एलसीपी २००८ मध्ये आलं: लांबी तेरा सेंटिमीटर, जाडी दोन सेंटिमीटरच्या जरा वर, रिकामं वजन २६६ ग्रॅम. पीपीकेच्या निम्म्याहूनही कमी.

हे वजन घटल्याचा आनंद होतो तो दुकानात. गोळी तीच असेल तर हत्याराचं वजन निम्मं झाल्यावर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. भौतिकशास्त्राचा हा हिशेब कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. यंत्रणा त्या झटक्याची धार थोडी बोथट करते, एवढंच. मूठही दोनच बोटं मावतील इतकी आखूड असते. परिणाम असा, की लोक अशी पिस्तुलं हौसेने घेतात, एक-दोनदा मैदानावर नेतात आणि मग सराव सोडून देतात. ज्याचा सराव सुटला ते हत्यार खिशात असणं ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

इतक्या छोट्या यंत्रात चुकीला जागाही कमी असते. एलसीपी बाजारात आल्याच्या वर्षीच, ऑक्टोबर २००८ मध्ये, खाली पडल्यावर गोळी सुटण्याची शक्यता लक्षात आल्यामुळे रुगरने विकलेली पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली. कंपनीने दोष झाकला नाही हे चांगलंच केलं. पण खिशातलं हत्यार घेताना पहिल्या वर्षातला माल टाळावा आणि जुनं घेत असाल तर परत मागवलेल्या क्रमांकांची यादी पाहावी, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

ही पिस्तुलं नेमकी याच काळात का आली, याचं उत्तर कारखान्यापेक्षा कायद्यात आहे. फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही छुपं हत्यार बाळगण्याचा परवाना द्यायचं ठरवलं. तशी गरज का आहे हे सिद्ध करावं लागेना. एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. १९९४ मध्ये संघराज्याच्या कायद्याने दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझिनं नागरिकांना विकायला दहा वर्षं बंदी घातली. मोठ्या पिस्तुलातही दहाच मावणार असतील तर पिस्तूल लहानच का करू नये, असा विचार कंपन्यांनी केला. २००४ च्या एका कायद्याने पोलिसांना कामावर नसतानाही देशभर हत्यार बाळगण्याची मुभा दिली. आणि न्यूयॉर्कने खिशातल्या हत्यारांवर १९११ पासून ज्या सलिव्हन कायद्याने लगाम घातला होता, त्यातली ‘विशेष गरज दाखवा’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केली.

कायदा हत्याराचं शरीर कसं बदलतो याचा सर्वांत ठळक नमुना पीपीकेचा आहे. रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये आलेल्या कायद्याने आयात पिस्तुलांना किमान मापं लावली आणि पीपीके उंचीत कमी पडलं. वॉल्थरने पीपीकेची स्लाइड मोठ्या भावाच्या, म्हणजे पीपीच्या, उंच चौकटीवर बसवली आणि त्याला पीपीके/एस नाव दिलं. गंमत म्हणजे त्यात एक काडतूसही वाढलं आणि मूठही हातात भरभक्कम बसू लागली. खिशातलं पिस्तूल इंचभर नव्हे, काही मिलिमीटर मोठं झालं तरी चालवायला किती सुधारतं, हे त्यामुळे लोकांना कळलं.

आता गोळीच्या मापाकडे वळू. यावर सर्वांत जास्त भांडणं होतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. ‘.३८० म्हणजे दुबळं’, ‘.२२ ने काय होतंय’ अशी वाक्यं बेफिकिरीने बोलली जातात. इतिहास वेगळं सांगतो. १८६५ मध्ये जॉन विल्क्स बूथने लिंकनवर झाडलेली एकच गोळी हेन्री डेरिंजरने बनवलेल्या तळहातावर मावेल अशा पिस्तुलातली होती. १९१४ मध्ये साराजेव्होला पहिल्या महायुद्धाची ठिणगी टाकणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात एफएनचं .३८० पिस्तूल होतं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या, त्या बेरेटाच्या १९३४ च्या मॉडेलमधून. तेही नऊ मिलिमीटर शॉर्ट, म्हणजे .३८० चंच दुसरं नाव. रॉबर्ट केनेडींचा जीव .२२ ने गेला.

पण याच घटनांच्या पोटात दुसरी माहिती आहे. गोळी लागल्यावर लिंकन नऊ तास जिवंत होते, केनेडी दिवसाहून अधिक. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर १९०१ मध्ये रुमालात दडवलेल्या .३२ रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर ते आठ दिवस जगले. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना १९१२ मध्ये मिलवॉकीला .३८ ची गोळी छातीत लागली. चष्म्याचं घर आणि घडी घातलेलं भाषण यांनी तिचा जोर घेतला, आणि ते तशाच रक्ताळलेल्या सदऱ्याने तासाहून अधिक वेळ बोलले. मारेकऱ्याला बेसावध, नि:शस्त्र माणसाचा जीव घ्यायचा असतो, आणि तो तासाने गेला तरी त्याचं काम झालेलं असतं. बचाव करणाऱ्याला समोरच्याला त्या क्षणी थांबवायचं असतं. समोरचा दोन दिवसांनी रुग्णालयात मेला तर त्याने बचाव झाला असं होत नाही. जीव घेण्याची आणि थांबवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या पिस्तुलाकडे पहिली भरपूर आहे आणि दुसरी तुटपुंजी आहे. ज्याला हे कळलं त्याच्या मनात त्या हत्याराबद्दल धाक आणि मर्यादेची जाणीव दोन्ही राहतात.

मायामीतही हेच घडलं होतं. डव्हच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची एक गोळी चकमकीच्या सुरुवातीलाच प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या जवळ येऊन थांबली. ती जखम त्याला मारणारी होती. पण त्यानंतरही तो लढत राहिला आणि त्याच अवस्थेत त्याने दोघांना मारलं. यातून एफबीआयने गोळ्यांची कसोटी नव्याने ठरवली. माणसाच्या स्नायूंसारखा प्रतिकार करणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान ३० सेंटिमीटर जावी आणि ४५ पेक्षा फार पुढे जाऊ नये. ठोकळ्यासमोर कापड, पत्रा, काच ठेवूनही हे साधलं पाहिजे.

खिशातली पिस्तुलं इथे अडखळतात. पोकळ तोंडाची गोळी उमलायला वेग लागतो आणि आखूड नळीत वेग कमी मिळतो. .३८० च्या अनेक गोळ्या उमलल्या तर ३० सेंटिमीटर गाठत नाहीत आणि गाठल्या तर उमलत नाहीत. जाड कापडाने तोंड बुजलं की उमलणं राहूनच जातं. म्हणून या मापात बरेच जाणकार खोलीला पसंती देतात. आखूड .३८ रिव्हॉल्व्हरसाठी तर काही जण नेमबाजीच्या स्पर्धांतली सपाट तोंडाची, मंद गोळी वापरतात: झटका सौम्य, खोली पुरेशी. जी गोळी तुम्हाला लागोपाठ पाच वेळा जागेवर टाकता येते ती, जाहिरातीतल्या जोरकस गोळीपेक्षा उजवी. २०१८ मध्ये सिग कंपनीने पी-३६५ आणलं. नऊ मिलिमीटरची दहा काडतुसं, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन पाचशे ग्रॅम. त्यानंतर ‘खिशात नऊ मिलिमीटरच हवं’ असं म्हणणारे वाढले. ज्यांचा खिसा आणि हात दोन्ही मोठे त्यांनी ते जरूर घ्यावं. जीन्सच्या पुढच्या खिशात मात्र ते अनेकांना जड होतं आणि मग घरीच राहतं.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, तोही कारण पाहून. नऊ मिलिमीटरसारखी मापं सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खिशात मावणारं म्हणून इथे मिळतं ते मुख्यतः .३२ चं. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. हल्ला बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून आणि घरातच होतो तिथे पर्समधलं रिव्हॉल्व्हर काय करणार, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

पर्सचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावी दुकानात खरेदी करणाऱ्या एका आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून गोळी सुटून आई गेली. पर्समध्ये पिस्तुलासाठी खास चेनचा कप्पा होता. पर्स बाजूला ठेवली जाते, खांद्यावरून उतरते, मुलाच्या हाती लागते. अंगावरचा खिसा अंगाबरोबर राहतो, हा त्याचा मोठा गुण, आणि तेवढ्यासाठी मी पर्सपेक्षा खिसा कितीतरी पटीने बरा मानतो.

पण तो खिसा नुसता चालत नाही. न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाचा प्लॅक्सिको बरेस नोव्हेंबर २००८ मध्ये मॅनहॅटनच्या एका क्लबात ढगळ पॅन्टच्या कमरेला नुसतंच पिस्तूल खोचून गेला. ते घसरलं, त्याने सावरायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. परवान्याविना हत्यार बाळगल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. कमरेसारखंच खिशासाठीही होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, लागतंच, आणि त्याची कामं तीन: चाप पूर्ण झाकणं, हत्यार उभं ठेवून मूठ कायम त्याच जागी आणणं, आणि बाहेरून त्याची आकृती मोडणं. ते इतकं खरबरीत हवं की हत्यार उपसताना ते खिशातच राहील. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. किल्ली नाही, नाणं नाही, पेन नाही. होल्स्टरमध्ये परत घालताना आधी होल्स्टर खिशाबाहेर काढावं, डोळ्यांनी पाहत हत्यार त्यात बसवावं, मग दोन्ही मिळून खिशात ठेवावं.

कपड्याची लव आणि घाम हे खिशातल्या हत्याराचे कायमचे शत्रू. महिन्या-दोन महिन्यांनी उघडलं तर नळीच्या तोंडाशी आणि घोड्याच्या फटीत लवेचा थर सापडतो. काडतुसंही अंगाच्या घामात राहिलेली असतात, म्हणून ती वरचेवर सरावात संपवून नवी भरावीत. बसलेल्या माणसाला, विशेषतः मोटारीत पट्टा लावून बसलेल्याला, पुढच्या खिशात हात घालणं जवळपास अशक्य असतं. ज्या पोलिसाचा दिवस गाडीत जातो त्याने खिसा सोडून घोट्याचा किंवा छातीवरच्या कवचाचा विचार करावा. उभं राहणाऱ्याला मात्र खिसा एक गोष्ट देतो जी दुसरी कोणतीही जागा देत नाही: काही घडण्याआधीच हात मुठीवर असू शकतो आणि बघणाऱ्याला तो नुसता खिशात हात घालून उभा असलेला माणूस दिसतो.

घेण्याआधी हत्यार भाड्याने मिळतं अशा मैदानावर जावं. अमेरिकेत ते बहुतेक शहरांत मिळतं. सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढा कागद लावावा. पहिल्या पाच गोळ्या दोन्ही हातांनी, पुढच्या पाच उजव्या हाताने, शेवटच्या पाच एकट्या डाव्या हाताने, घाई न करता पण रेंगाळूनही नव्हे. शेवटच्या पाचांतल्या दोन ताटाबाहेर गेल्या तर ते हत्यार परत द्यावं आणि एक माप मोठं मागून तीच पंधरा काडतुसं पुन्हा झाडून पाहावीत.